पळण्याआधी तिथी बघा

आज भाट्याला लाँग रन झाला. रत्नागिरीत किनाऱ्यावर पळायचं तर मोबाईलमधल्या अ‍ॅपच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं लागतं. आपल्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज द्वितीया, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वासातला ओहोटी. तेव्हा पाण्यालगतची ओली वाळू अशी घट्ट असते की बुटाची नक्षी जशीच्या तशी उमटते. सुरूच्या बनाकडच्या कोरड्या वाळूत मात्र पोटऱ्या बोलायला लागतात.

किनारा समुद्राकडे उतरता, त्यामुळे एकच पाय सतत खालच्या अंगाला पडतो. म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच वाटेनं परत, म्हणजे दोन्ही पायांना सारखा त्रास!

ऑक्टोबरचा उकाडा तर विचारू नका. दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, अंग गार होत नाही, आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. त्यामुळे हल्ली मी वेग बघणं सोडलंय. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं की पुरे. जाळं सोडवत बसलेल्या एका आजोबांनी विचारलंच, "काय रे, कोण पाठी लागलाय काय?" "कोण नाय आजोबा, असाच," हे मला एका दमात म्हणता आलं. परीक्षा पास.

पुढच्या रविवारी नवमी, पावणेसातला ऐन भरती. तेव्हा डांबरी रस्ता आणि चढ. कोण येणार असेल तर मेसेज करा, कोकम सरबत माझ्याकडून, मीठ घालून.