बंड्याचा फराळ : आमची वाटचाल

आमचं गाव तासगावजवळ. घरची द्राक्षबाग, शेडमध्ये बेदाण्याचे रॅक, आणि दिवाळी आली की पाहुण्यांना द्यायला बेदाण्याचे डबे. 2017 च्या दिवाळीत असाच एक उघडा डबा आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, तोंडी लागला. अर्धा किलो तरी खाल्ला असेल. पोरं म्हणाली, बंड्यानं फराळ केला. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी तो उठेना, पाणी पिईना, लघवीही जवळजवळ बंद. सांगलीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बेदाणे खाल्लेत का?" द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, हे द्राक्षाच्या घरात जन्म काढूनही आम्हाला माहीत नव्हतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो, तर दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. म्हणून इतके चालतील असं प्रमाण कुणी सांगत नाही. अलीकडे संशोधकांचा रोख द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे आहे. बंड्याला चार दिवस सलाइन लावलं. तो वाचला. त्या चार दिवसांतून आमचा कुत्र्यांच्या खाऊचा व्यवसाय निघाला.

पुढच्या दिवाळीला सासूबाई म्हणाल्या, "आपण एवढं करतोय, तर त्याचंबी फराळाचं करूया की." डॉक्टरांना विचारून साहित्य ठरवलं : ज्वारीचं आणि नाचणीचं पीठ, उकडून घोटलेला लाल भोपळा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, दोन अंडी. मीठ नाही, गूळ नाही, तूप नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, लाटताना कडा फुटत होत्या. मग मूठभर कणीक घातली आणि भोपळ्यातलं पाणी आटवून घेतलं, तेव्हा पोळी जमली. शंकरपाळ्यांच्या कातण्यानं कापून घरच्या ओव्हनमध्ये भाजलं आणि ज्यांच्याकडे कुत्रा आहे अशा बारा घरी दिलं. चार दिवसांत फोन आले, अजून आहेत का?

कातण्याचा आकार पुढच्याच वर्षी सोडला. एका घरी आलेल्या पाहुण्यांच्या लेकरांनी शंकरपाळ्या समजून अर्धी पुडी संपवली. त्यांना काही झालं नाही, पण मी उलट बाजूनं विचार केला. डबे सारखे दिसायला लागले, तर घाईगडबडीत कुणीतरी साखरेच्या, तळलेल्या शंकरपाळ्याच कुत्र्यापुढे टाकेल. तेव्हापासून आमचा तुकडा गोल, मधोमध भोक असलेला. भोकामुळे तो आतपर्यंत वाळतोही लवकर.

2019 मध्ये गावातल्या बेकरीची भट्टी भाड्यानं घेतली. पहाटे पाव निघाले की भट्टी निवत जाते आणि त्या उरलेल्या धगीवर टोस्ट वाळवतात. आम्ही त्याच धगीवर आमचे ट्रे लावले. सरपणाचा वेगळा खर्च नाही, माल करपण्याची भीती नाही. आजही मला ती पद्धत सगळ्यात आवडते.

पण पुढच्याच वर्षी मोठा फटका बसला. 2020 च्या ऑक्टोबरात सोलापूर-सांगलीकडे जो मुसळधार पाऊस झाला, त्या ओल्या हवेत आम्ही दिवाळीचा माल केला. 160 पाकिटं गिऱ्हाइकांकडे गेली. सहाव्या दिवशी पुण्याच्या एका ताईंनी फोटो पाठवला : तुकड्यावर हिरवट ठिपका. बुरशी. त्या रात्री बसून एकेका घरी फोन केला, म्हटलं, एकही तुकडा देऊ नका, टाकून द्या. सगळे पैसे परत केले. त्या वर्षाची दिवाळीची कमाई त्यात गेली, पण एकाही कुत्र्याला त्रास झाला नाही.

कारण शोधलं ते सासऱ्यांनी. बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि तरी तो टिकतो, कारण त्यात साखर भरपूर. ती साखर पाणी धरून ठेवते, बुरशीच्या वाट्याला येऊ देत नाही. "तुमच्या मालात साखर न्हाई, मग तो बेदाण्यापेक्षा लई कडक वाळला पायजे," ते म्हणाले. आम्ही वरून कडक दिसला की माल उतरवत होतो, आणि तोही कोमट असताना पाकिटात भरत होतो. आत वाफ धरणारच. आता ट्रे तोलून आत जातो, दर तासाला पुन्हा तोलतो. सलग दोनदा वजन घटलं नाही, तरच बाहेर. मग रात्रभर निवतो. सकाळी प्रत्येक ट्रेमधला एक तुकडा मोडून बघायचा : कट्‌कन तुटला पाहिजे, वाकला तर अख्खा ट्रे परत.

मालाची मागणी वाढल्यावर एक वितरक आले. म्हणाले, पाकिटावर लिहा, याने फटाक्यांची भीती जाते, दुप्पट खपेल. नाही लिहिलं. फटाक्यांनी घाबरलेलं कुत्रं पलंगाखाली थरथरत असतं, तेव्हा ते बहुतेकदा खाण्याकडे बघतही नाही. त्याला बंद खोली आणि जवळ बसलेलं माणूस लागतं. पाकिटावर आम्ही लिहितो ते इतकंच : दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त हा खाऊ देऊ नका, लहान कुत्र्याला एक तुकडा पुरे. काही गिऱ्हाइकांना हे खटकतं, एवढ्या पैशात एवढंच? पण भेट आलेला डबा एका दिवसात संपवायचा नसतो. आत एक चिठ्ठीही असते : बेदाणे, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण, जायफळ घातलेली मिठाई आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेले शुगर-फ्री पदार्थ कुत्र्यापासून दूर ठेवा. ती चिठ्ठी मालापेक्षा मोलाची आहे, असं मी मनापासून मानते.

पार्सलं नरक चतुर्दशीच्या आत पोचवायचीच, हा दंडक आम्हाला कोल्ड स्टोरेजवरच्या नेपाळी वॉचमनमुळे लागला. त्यांच्याकडे त्या दिवशी कुकुर तिहार, म्हणजे कुत्र्यांचा सण. कुत्र्याला टिळा लावतात, झेंडूची माळ घालतात, गोडधोड देतात. ते दरवर्षी येऊन बंड्याला माळ घालायचे. आता शेडवरच्या चारही कुत्र्यांना घालतात.

आमचा दुसरा हंगाम चंपाषष्ठीचा. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत त्या दिवशी बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात असा नैवेद्य असतो, आणि देवाच्या कुत्र्याला घास काढतात. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून त्याच्या घासात भरीत-पात नको. सासूबाईंनी पुरीएवढे बिनमिठाचे रोडगे थापून दिले, भट्टीत वाळवले, आणि गेल्या तीन वर्षांत ते दिवाळीच्या डब्याइतकेच जायला लागलेत. नैवेद्य दाखवून तोच रोडगा कुत्र्याला देतात, असं गिऱ्हाइकं कळवतात. सासूबाईंना ते फार बरं वाटतं.

बंड्या दोन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. आम्ही आता पाच बायका आहोत. दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्याला सुरू करतो आणि चारशे डब्यांना थांबतो, कारण भट्टीच्या धगीवर एका दिवसात वीसच ट्रे नीट वाळतात.