केविनच्या तळहातावरील घरटे

"आणि मग त्याने तिला तळ्यात ढकलून दिले," असे गाइड म्हणाला आणि आमच्या गटातले सगळे हसले.

आम्ही आज आयर्लंडच्या विक्लो डोंगरांत, ग्लेंडालॉखच्या वरच्या तळ्याकाठी उभे होतो. समोरच्या कड्यात, पाण्यापासून सुमारे 30 फूट उंचीवर, माणूस जेमतेम आडवा होऊ शकेल एवढी गुहा आहे. तिला संत केविनची शेज म्हणतात. सहाव्या शतकातला हा एकांतवासी हात पसरून प्रार्थना करीत असताना एका पक्षिणीने त्याच्या तळहातावर घरटे बांधून अंडी घातली आणि पिले बाहेर पडेपर्यंत त्याने हात मिटला नाही, ही कथा बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने नोंदवली. ती ऐकताना मात्र सगळे स्तब्ध होते.

गाइडच्या गोष्टीत केविनने तळ्यात ढकललेली कॅथलीन ही नंतरच्या लोककथेतली. जुन्या लॅटिन चरित्रात केविन आपल्या मागे लागलेल्या मुलीला अंगाची आग करणाऱ्या खाजऱ्या पानांच्या जुडीने झोडपतो, आणि मग ती पश्चात्ताप पावून धर्ममार्गाला लागते. (आपल्याकडेही मेनका येते ती तपोभंगापुरतीच.)

पक्षिणीची आणि मुलीची, दोन्ही कथा भक्तांनीच जपल्या, हे मला अधिक खटकते. केविनला एकांत हवा होता, पण शिष्य आले, मठ वाढला, आणि त्या गर्दीला त्याने हाकलले असे कोणी सांगत नाही. पक्षिणीपुढे अढळ राहणारा हात एका मुलीवर उगारला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात विसंगती का दिसली नसेल?