परमिट रूमचा लाल उजेड कागदावर उतरवताना

चित्र काढण्यापेक्षा ते छापून घेण्यातच जास्त जीव गेला. डिजिटल चित्र छापून भिंतीवर लावायचं कुणाच्या मनात असेल, तर त्याला माझ्यासारखं ताटकळावं लागू नये म्हणून हे लिहितेय.

परळच्या एका परमिट रूममध्ये माझा मामा काउंटर सांभाळायचा. शाळा सुटली की मामीने भरलेला डबा मी त्याला नेऊन द्यायचे. त्या वेळी गिऱ्हाईक नसायचं. काउंटरवर स्टीलचं पेग मेजर, एका बाजूने ३० मिली, उलटं केलं की ६०. शेजारी कार्बन घातलेलं बिलबुक, ओपनर, सोड्याची बाटली, बशीत खारे शेंगदाणे. वर देवाच्या फोटोपाशी लाल झीरोचा बल्ब दिवसरात्र चालू. त्याची लाली स्टीलवर, बाटलीच्या खांद्यावर आणि बर्फाच्या भांड्यात उतरायची. मला काढायची होती ती ही लाली. माणसं नकोत, फक्त वस्तू.

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत स्थिरचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे पेपर होते. इथे दोन्ही एकदम सोडवायचे होते. बाकी सगळं आठवणीतून आलं. पेग मेजर मात्र बाजारातून आणून दिव्याखाली ठेवलं, कारण गोलाकार स्टीलमध्ये काय कुठे वाकतं ते मनाने ठरवता येत नाही. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात ए३ आकाराचं, ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं चित्र झालं. मजेत झालं.

मग प्रिंट. घराजवळचं दुकान फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं. माझी फाईल आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या रंगांत होती. ऑपरेटरने मला न विचारता ती सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या अशा चार शाईंची केली आणि छापली. बल्ब विटकरी झाला, बाटली आणि तिच्यामागची भिंत एकाच काळ्यात बुडाली. मी विचारलं तर उत्तर, "स्क्रीनवरचं प्रिंटला येत नाही, मॅडम." का येत नाही, काय केलं तर येईल, यावर एक शब्द नाही. आधी छोटी पट्टी छापून दाखवा म्हटलं, तर पूर्ण शीटचे पैसे पडतील म्हणे. वर पत्रिकांचं काम चालू आहे, बसा. बसले. संध्याकाळी सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशी तीच फाईल, तोच विटकरी बल्ब, आणि "जरा ब्राइट केलंय" हे वर. ब्राइट केल्याने शेंगदाणे पांढरे पडले होते. पैसे पूर्ण घेतले.

कारण घरी येऊन नीट समजून घेतलं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. शाई कागदावरून परतणाऱ्या उजेडातला काही भाग गिळते, उरलेला आपल्याला दिसतो. त्यामुळे स्क्रीनवरचा धगधगीत लाल चार शाईंच्या आवाक्याबाहेर राहतो आणि सॉफ्टवेअर त्याला ओढून आवाक्यात आणतं. पण कसं ओढायचं हे माणसाला ठरवता येतं! प्रोफाइल (त्या मशीनवर, त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाईल) कुठलं, आवाक्याबाहेरचेच रंग हलवायचे की सगळे थोडेथोडे आत घ्यायचे, हे पर्याय असतात. त्या दुकानात ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत, राग त्याचा आहे.

क्रितात सॉफ्ट प्रूफिंग आहे, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच पाहायची सोय; सोबत गॅमट वॉर्निंगही, म्हणजे शाईला न जमणारे रंग दाखवणारी खूण. ती चालू केली तर बल्बाभोवतीचा सगळा भाग आवाक्याबाहेरचा म्हणून उठून दिसला. मग बल्ब नारिंगीकडे नेला आणि आजूबाजूची भिंत, काउंटर, बाटलीची सावली हिरवट करड्यात रंगवली. करड्यात ठेवलेला मध्यम लाल जास्त पेटतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार पीटर क्लासची स्थिरचित्रं बघा: जवळजवळ सगळं राखी-तपकिरी, म्हणून काच चमकते आणि सोललेलं लिंबू उजळतं. या बदलाचा मला मनापासून अभिमान आहे. चित्र आधीपेक्षा चांगलं झालं.

दुसरा छापणारा फोटोग्राफर लोकांची कामं करणारा निघाला. पिगमेंट शाईचा इंकजेट, कॉटनचा कागद. फाईल आरजीबीच द्या म्हणाला, त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल आधीच पाठवलं आणि हाताच्या पंजाएवढी पट्टी छापून दिली. कुठेही गेलात तरी आधी पट्टी मागा. नाही म्हणाले तर तिथून उठा. पट्टीत बल्ब आणि सर्वांत काळा कोपरा दोन्ही येऊ द्या. आणि हो, रंगवताना स्क्रीनचा ब्राइटनेस कमी ठेवा, नाहीतर प्रिंट अंधारी वाटते. फाईल टिफ द्या, जेपेग नको; जेपेगमध्ये फाईल लहान होताना बारकावे जातात. मॅट कागदावर काळा थोडा फिकटतो; गडद चित्र असेल तर सावल्या आधीच जरा उघड्या ठेवा.

पट्टी दुकानातल्या ट्यूबखाली पाहून मी हो म्हटलं नाही. घरी आणली, जिथे चित्र लावायचं त्या भिंतीवर चिकटवली, संध्याकाळचा दिवा लावून पाहिली आणि मगच पूर्ण प्रिंट सांगितली. एक प्रत मामासाठीही काढून घेतली, त्याच कागदावर.