डोळे तपासून मगच छाटणी

गेल्या वर्षी पितृपक्षातल्या एका रविवारी मी माहेरी, दिंडोरी तालुक्यात गेले होते. पिशवीत डायरी होती आणि डायरीत सात संकल्प: पहाटे चालणं, साखर बंद, मोडी लिपी, पोहणं, रात्री मोबाइल लांब, पेटी पुन्हा वाजवणं, सासूबाईंना रोज वाचून दाखवणं.

माझं नवं वर्ष शरदातच सुरू होतं. पाऊस ओसरलेला असतो, घर झाडून-पुसून निघतं, मनही जरा हलकं होतं. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला होता. म्हणून मुदत ठरवली घट ते पाडवा. या खेपेला घाईही होती. ऑगस्टमध्ये माझी तीन महिन्यांची साखर ६.२ आली होती. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. नोव्हेंबरात परत तपासू.

भाऊ ओट्यावर कागद घेऊन बसला होता. द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलेली आणि काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंबांच्या, तपासणीचा रिपोर्ट काही चांगला नव्हता. मे महिन्यातच पाऊस लागला, बागेला ऊन मिळालं नाही, त्यामुळे डोळ्यांत घड कमी होते. मला समजेना. मी म्हटलं, अरे, अजून छाटणी नाही, फूट नाही, मग घड कमी हे आत्ताच कसं कळलं?

त्याने एक काडी घेतली आणि ब्लेडने डोळा उभा चिरून माझ्या तळहातावर ठेवला. तपकिरी सालीत हिरवा ठिपका, बाकी काही दिसेना. "असं नाही दिसायचं, ताई. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बघतात. डोळा आत्ता फुटतो, पण घड उन्हाळ्यातच धरलेला असतो, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर. आत्ता माझ्या हातात एवढंच, की कुठल्या डोळ्यावर कापायचं. रिकाम्या डोळ्यावर ठेवली काडी, तर नुसता पाला."

नाशिकला परतताना बसमध्ये तेच डोक्यात होतं. रात्री डायरी उघडली आणि प्रत्येक संकल्पापुढे एकच प्रश्न लिहिला: एप्रिल ते ऑगस्ट, कुणी न सांगता, हे मी चार दिवस तरी केलं का?

पोहणं, एकदाही नाही. पेटीची खोळसुद्धा काढली नव्हती. मोडी आणि मोबाइल, दोन्ही फक्त बोलण्यापुरते. चालणं मात्र होतं: जूनमध्ये रिक्षा सोडून कॅनडा कॉर्नरपासून घरापर्यंत मी कितीतरी संध्याकाळी चालत आले होते. आणि वाचणं. मे महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. डोळा बरा झाला आणि ते आपोआप थांबलं. चालणं आणि वाचणं, या दोन डोळ्यांत घड होता. बाकीचं कापलं. साखरेवर पेन ठेवताना हात अडला, आकडा डोळ्यांसमोर होता. शेवटी तिला चालण्याला जोडलं: चालून आल्यावरचा चहा बिनसाखरेचा.

नवरात्रात सोपं गेलं. पहाटे साडेपाचला कालिका मातेच्या दर्शनाला पायी जायचं, यात्रेची गर्दी व्हायच्या आत परत. अनवाणी येणाऱ्या बायकांची सोबत असायची. मध्ये दोन दिवस पावसाने झोडपलं, तेवढे चुकले. पण दसरा झाला आणि सगळं अडलं. सकाळी जाग यायची, पण जायचं कुठे? मैदानाला नुसत्या फेऱ्या मारायला पाय निघेना. पाच दिवस मी घरातच.

वाट सासूबाईंमुळे निघाली. त्यांना आता पेपरचा कंटाळा आला होता. "तेच ते. काहीतरी मोठं वाच, रोज थोडं थोडं पुरेल असं." टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, आणि मी त्याची सभासद असून वर्षभर फिरकले नव्हते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चालत गेले आणि एक जाडजूड आत्मचरित्र घेऊन आले. ते संपलं की पुन्हा चालत जाणं आलंच. मग चालणं संध्याकाळवर गेलं. पुस्तक बदलायचं नसेल त्या दिवशी रामकुंडापर्यंत जायचं, आणि येताना भाजी.

रात्री नऊला आम्ही बसायचो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस. एका पानावर माझा आवाज भरून आला आणि मी थांबले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे केला. बावीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकींसमोर इतक्या निवांत कधी बसलो नव्हतो, हे मला त्या रात्री जाणवलं.

पाडव्याला मोजलं तर ३१ पैकी २४ दिवस चालणं झालं होतं. नोव्हेंबरात साखर ५.९ आली. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं की चालू ठेवा.

कापलेले चार संकल्प मी खोडलेले नाहीत. एप्रिलच्या पानावर उतरवून ठेवलेत, आणि पेटीची खोळ काढून ती पलंगाखालून बाहेरच्या खोलीत, उजेडात आणून ठेवली आहे.