आमची वाटचाल : बाँड, गॅरंटी आणि एक लाल वही

न्हावा शेव्याच्या कस्टम हाउसमध्ये अकरा वर्षं दुसऱ्यांच्या फायली घेऊन टेबलाटेबलांवर फिरलो. कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे लोकांचा आयात-निर्यातीचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, लायसन्सची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली. 2011 साली पनवेलला गाळा घेतला. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बायकोच्या पाटल्यांवर काढलेलं कर्ज, एवढंच भांडवल.

पहिलं मोठं काम इचलकरंजीच्या एका कारखानदाराचं. ईपीसीजी या सरकारी योजनेच्या लायसन्सवर परदेशातून नवे माग आणायचे होते. ही योजना ऐकायला गोड आहे: मशिनवर ड्युटी, म्हणजे आयातकर, भरू नका, पण वाचलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवा. तोवर कस्टमकडे बाँड, म्हणजे अट मोडली तर ड्युटी भरू असं हमीपत्र, द्यायचा आणि मुरलेला निर्यातदार नसाल तर सोबत बँक गॅरंटीही. मग प्रत्येक बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे माल सोडवायच्या कस्टमच्या अर्जात, लायसन्सबरोबर बाँडचाही नंबर टाकायचा, की तेवढी ड्युटी बाँडमधून वजा होते.

2013 च्या मे महिन्यात बाँड केला, तेव्हा डॉलर पंचावन्नच्या आसपास होता. मी ड्युटीचा हिशेब केला, आकडा जेमतेम बसवला. गॅरंटीचं कमिशन पार्टीला कमी पडावं म्हणून! पहिले दोन कंटेनर सुटले. तिसरा ऑगस्टअखेरीस लागला आणि डॉलर अडुसष्टला जाऊन टेकला. माल तोच, इन्व्हॉइस तेच, ड्युटी मात्र रुपयात फुगली. लायसन्सवर थोडी मोकळीक होती, बाँडवर नव्हती. शिल्लक अपुरी म्हणून बिल अडकलं.

पुरवणी बाँड, स्टॅम्प पेपर, नोटरी, बँकेचं वाढीव पत्र, मग ते पत्र खरं असल्याची बँकेकडून खातरजमा. नऊ दिवस गेले. रोज संध्याकाळी फोन यायचा, "काय ओ साहेब, फिटर येऊन बसलाय, त्याचं जेवणखाण आमच्याच अंगावर." डिटेन्शनची, म्हणजे कंटेनर जास्त दिवस अडकल्याच्या आकाराची, निम्मी रक्कम मी खिशातून भरली. चूक माझीच होती.

त्याच आठवड्यात लाल वही घेतली. बाँड नंबर, रक्कम, प्रत्येक बिलानंतरची शिल्लक, गॅरंटीची मुदत, क्लेमची तारीख. मुदतीच्या दोन महिने आधी बँकेला फोन. 2022 पासून सवलतीच्या दराच्या आयातीचं बरंच काम कस्टमच्या पोर्टलवर गेलं, तिथे आयआयएन नावाचा ओळख नंबर मिळतो. पोरं म्हणतात, काका, आता वही कशाला? पण मुदत संपलेली गॅरंटी दोनदा वहीनेच पकडून दिली, पोर्टलने नाही.

आज आम्ही चौघं आहोत. ईपीसीजी आणि बाँडची कामं दुसरे ब्रोकरही आमच्याकडे पाठवतात. मोठ्या कंपन्या आमच्याकडे येत नाहीत, आम्हीही त्यांच्या मागे लागत नाही.

इचलकरंजीवाल्यांची निर्यात पुरी होऊन गॅरंटीचा मूळ कागद परत मिळाला तो 2021 मध्ये. मीच नेऊन दिला. चहा झाल्यावर त्यांनी नव्या मागांचं कोटेशन पुढे सरकवलं. मी किंमत बघायच्या आधी विचारलं, "पैसे कुठल्या चलनात द्यायचेत?"