नव्वद अंशांचं भूत

गुरुत्वाकर्षणाखेरीज एखादं अनोळखी बल अगदी जवळच्या अंतरात दडलंय का, हे शोधायला टॉर्शन बॅलन्स वापरतात. बारीक तारेला टांगलेली भोकं पाडलेली चकती, खाली तशीच दुसरी, सावकाश फिरणारी. खालची फिरताना वरचीला किती पीळ बसतो ते मोजायचं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने २०२० साली न्यूटनचा वर्गव्यस्त नियम (अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण चौथाई) असाच ५२ मायक्रोमीटरपर्यंत तपासला. नियम टिकला.

माझ्या वाट्याला अशाच एका मांडणीचं सिम्युलेशन आलं. नुसत्या न्यूटनने किती पीळ बसेल ते काढायचं, मोजलेल्यातून ते वजा करायचं आणि उरलेल्यात युकावा स्वरूपाचं, म्हणजे अंतर वाढताच झपाट्याने विरणारं, बल शोधायचं. म्हणजे माझ्या गणितातली चूक थेट ‘नवं बल’ म्हणून मिरवणार.

दोन्ही चकत्यांचे चौकोनी जाळीत बारीक घनाकृती तुकडे पाडले आणि प्रत्येक जोडीचं बल बेरजेत घेतलं. भोकं १८, तेव्हा फेरीला १८ वेळा चढउतार दिसायला हवा. तो दिसला, पण सोबत फेरीला चारदा येणारा एक चढउतारही होता. भोकांच्या जागा चुकल्या असतील म्हणून आकडे पुन्हा भरले. तसंच. शेवटी वैतागून भोकंच बुजवली. गुळगुळीत गोल चकती, तरी दर ९० अंशांनी पीळ!

मग खालच्या चकतीचे घन पाडतानाच जाळी १० अंश तिरकी ठेवली. सिग्नलही बरोबर १० अंश सरकला. गोल चकतीला दिशा कुठली? घनांमुळे तिची कड पायऱ्यापायऱ्यांची झाली होती आणि चौकोनी जाळीची चारपदरी सममिती पिळात उतरत होती.

जाळी आणखी बारीक करून भागलं असतं, पण वेळ अफाट लागला असता. त्यापेक्षा सोपं सुचलं: अक्ष जुळलेले असतील तर अखंड गोल चकती पीळ देतच नाही, देतात ती भोकं. म्हणून प्रत्येक भोक ऋण घनतेचा दंडगोल मानला आणि फक्त त्यांच्यातलं बल काढलं. भूत गेलं.

खऱ्या उपकरणात अक्ष कधीच नेमके जुळत नाहीत, त्यामुळे अखंड चकत्या परत घ्याव्या लागल्या, या खेपेला कड नेमकी गोल ठेवणाऱ्या वर्तुळाकार जाळीत. त्यावर दोन चकत्यांमधली फट, कल आणि अक्षातला फरक दर वेळी थोडा बदलून हजार वेळा गणित चालवलं. उत्तरांची पसरण पाहिली आणि जाणवलं, किती क्षीण बल आम्हाला पकडता येईल याची मर्यादा बव्हंशी फटीच्या मोजमापावरच अडलेली आहे. आता ते मोजणारे माझ्यावर चिडून आहेत.