तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेलमधला धूर खरा कशावरून?

हवामानाच्या मॉडेलांविषयी कुठेही बोलले की कुणीतरी विचारतंच, "हवेतले कण तुम्ही संगणकात घालता खरे, पण ते बरोबर घातलेत हे कळतं कसं?" फार रास्त प्रश्न आहे. धूळ, काजळी, सल्फेट, समुद्राचं मीठ या सगळ्यांना मिळून आम्ही एरोसोल म्हणतो. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती) अहवालात १७५० पासूनचा त्यांचा थंडावा, म्हणजे त्यांच्यामुळे पृथ्वीला कमी मिळणारी उष्णता, दर चौरस मीटरला सुमारे १.१ वॅट धरलाय, पण खरा आकडा ०.४ ते १.७ यांच्यात कुठेही असू शकतो. पृथ्वी पुढे किती तापेल हा हिशेब याच फरकापाशी येऊन अडतो.

सोपी परीक्षा अशी. कानपूर, पुणे आणि जगात शेकडो ठिकाणी एरोनेट या जागतिक जाळ्याचे फोटोमीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रं, सूर्याकडे रोखलेली असतात. कणांमुळे ऊन किती अडलं ते मोजून एओडी नावाचा आकडा मिळतो. मॉडेलचा एओडी त्याच्या शेजारी मांडायचा. (ढग आले की यंत्राला सूर्यच दिसत नाही, म्हणून आपल्या पावसाळ्यातल्या नोंदी विरळ.)

आकडे जुळले की बरेच जण तिथेच थांबतात. मला ते पटत नाही. एरोकॉम प्रकल्पात जगभरची मॉडेलं एकत्र तपासली, तेव्हा एकूण एओडी बराच जवळ आला, पण त्यातले धुळीचे, मिठाचे, सल्फेटचे वाटे मात्र वेगवेगळे निघाले. महिन्याच्या खर्चाची बेरीज जुळावी आणि किराणा-औषधांचे आकडे चुकलेले असावेत, तसं. सल्फेट दमट हवेत पाणी शोषून फुगतं. त्यामुळे थोडे पण जास्त फुगवलेले कण आणि पुष्कळ पण कोरडे कण एकच एओडी देऊ शकतात. सल्फेट ऊन परतवतं, काजळी ते गिळते. वाटे चुकले तर परिणामाची दिशाच बदलू शकते.

माझा खरा भरवसा निसर्गाने स्वतः केलेल्या प्रयोगांवर आहे. ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात आइसलंडमध्ये होलुह्राउनला जमिनीच्या भेगेतून लाव्हा वाहत होता. राख फारशी नाही, पण ज्यापासून सल्फेटचे कण बनतात तो सल्फर डायऑक्साइड प्रचंड, आणि तोही उत्तर अटलांटिकच्या खालच्या ढगांजवळ. कण वाढले की ढगातले थेंब बारीक आणि संख्येने जास्त होतात, असं सगळी मॉडेलं सांगत होती. उपग्रहांनी थेंब बारीक झालेले दाखवले. मात्र पाऊस कमी होऊन ढगातलं पाणीही वाढेल आणि ढग आणखी ऊन परतवतील, असं काही मॉडेलं म्हणत होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाणी जवळजवळ वाढलेलं दिसलं नाही. त्या मॉडेलांचा थंडावा फुगलेला होता, हे असं उघड झालं. पुढे २०२२ मध्ये त्याच उद्रेकाच्या नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासल्यावर ढगांनी व्यापलेलं क्षेत्र सुमारे १० टक्क्यांनी वाढल्याचं निघालं. म्हणजे पाणी तपासून झालं तरी व्याप्ती तपासायची राहतेच.

म्हणून कुणी एओडीचा जुळलेला नकाशा पुढे ठेवला की मी विचारते: यात काजळी किती, आणि ती किती उंचीवर? गंगेच्या मैदानावर हाच प्रश्न कळीचा आहे, कारण काजळी ढगाच्या वर असली की परिणाम वेगळा, खाली असली की वेगळा. त्यासाठी विमानातून मोजणं फार उपयोगी पडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९ पासून ढग आणि कण मोजण्याच्या कायपीक्स मोहिमेत अशी उड्डाणं केली. अशी आणखी पुष्कळ हवीत, विशेषतः मान्सूनच्या आधीच्या धुळीच्या महिन्यांत.